नाना वकिलांचा मुक्काम

जळगावच्या कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागायची वेळ आली, की बाररूममध्ये कुणीतरी हमखास विचारायचं, "काय नाना, यंदा लुसर्न की नुसतंच भुसावळ?" आणि सगळे खो खो हसायचे. नाना हसायचे नाहीत. चष्मा कपाळावर चढवून शांतपणे सांगायचे, "लुसर्नच. पण मिलानला किती दिवस राहायचं, ते अजून ठरत नाहीये." की पुन्हा हशा. मला त्या हसणाऱ्यांचा भयंकर राग यायचा. त्यातल्या निम्म्यांना मिलान हे गाव आहे की मिठाई, एवढंही ठाऊक नव्हतं. उरलेल्या निम्म्यांना नाना कुठे आणि कशासाठी जाऊ पाहतात ते पक्कं ठाऊक होतं, तरी मेले हसत होते.

मी मूळचा धुळ्याचा. सनद घेतली आणि वर्षभर पांझरेकाठी माशा मारत बसलो, तेव्हा वडिलांनी मला जळगावला नानांच्या हाताखाली धाडून दिलं. दिवाणी दाव्यांमध्ये नानांचं नाव मोठं. माणूस मात्र ठेंगणा, गव्हाळ, बोलायला हळू. कोटाच्या खिशात कायम खडीसाखर. समोरचा साक्षीदार घाबरला की आधी त्याला खडीसाखर द्यायचे आणि मग उलटतपासणीत सोलून काढायचे. "तोंड गोड झालं की माणूस बोलतो रे," म्हणायचे. न्यायाधीशांना ठाऊक होतं, पण त्यांनाही कधीमधी खडा मिळत असावा, कारण कुणी हरकत घेतलेली मी पाहिली नाही.

नानांची एक खोड सगळ्या पूर्व खानदेशात माहीत होती. ते परगावी मुक्काम करत नसत. कुठेही जावोत, दिवेलागणीला आपल्या ओसरीवर हजर. धुळ्याला काम निघालं, की पहाटेच्या मोटारीनं पारोळ्यावरून यायचे आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत. माझी आई बिचारी खापरावर मांडे करून वाट बघायची. नाना चार घास खायचे, "उत्तम!" म्हणायचे आणि मोटार सुटेल म्हणून हात धुवायला उठायचे. "तुझे नाना माणूस आहेत की टपालाची थैली?" आई मला विचारायची. "आले काय, गेले काय!"

आणि अशा माणसाच्या डोक्यात विलायतेच्या प्रवासाचं खूळ! पण ते खूळ नव्हतं, हे मला नानांच्या घरात वावरायला लागल्यावर कळलं.

माधव हा त्यांचा एकुलता एक मुलगा. कापडगिरण्यांची यंत्रं बनवायचं शिक्षण घ्यायला नानांनीच त्याला झुरिकला पाठवला होता. जाताना अर्धं जळगाव स्टेशनवर लोटलं होतं म्हणे. पोरगा शिकला, तिथेच नोकरीला लागला आणि तिथल्याच एका मुलीशी लग्न करून मोकळा झाला. तार आली त्या दिवशी नाना विहिरीवर गेले आणि त्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी ओतून घेतलं. मुलाच्या नावानं अंघोळ केली. आमच्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. माणूस आपल्याला मेला. त्याच्या घरचं अन्न नाही, त्याच्या छपराखाली रात्र नाही, त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. भटजींनी आत निरोप पाठवला, की आईनंही पाणी घ्यायला पाहिजे. आई म्हणजे अक्का, नानांच्या पत्नी. त्या चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापत होत्या. त्यांचं माहेर पारोळ्याकडच्या खेड्यातलं, आणि रागावल्या किंवा गहिवरल्या की त्यांच्या तोंडी अहिराणीच यायची.

"मना पोऱ्या जिता शे," त्या म्हणाल्या. "मी कसाले आंग धोवू?"

आणि त्यांनी पुढची भाकरी तव्यावर टाकली. भटजींनी तीनतीनदा निरोप पाठवला. त्या बाईनं डोक्यावर थेंब पडू दिला नाही. हे मी येण्याआधीचं. मला अक्कांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज इतका साधा होता की मीच कावराबावरा झालो.

वर्ष उलटलं आणि नानांनी मुंबईहून युरोपच्या आगगाड्यांचं एक जाडजूड टाइमटेबल मागवलं. कचेरीत कायद्याच्या पुस्तकांशेजारी एक मोठा नकाशा टांगला गेला. त्या दिवसापासून संध्याकाळी पक्षकार गेले, की नाना मला समोर बसवून घ्यायचे. मला तेव्हा वाटायचं, हा काय छळवाद! घरी बायको जेवायची थांबली आहे आणि इथे नाना मला बर्नहून सुटणाऱ्या गाड्या सांगताहेत.

"हे बघ वामन, परदेशात रोज नवं गाव करणारा माणूस गाव बघत नाही, हमाल बघतो. सामान एकदाच सोडायचं. एक मुक्कामाचं गाव धरायचं आणि तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं. गाद्या कमी, गाड्या जास्त!"

मुक्कामाची गावं तीन. मुंबईहून बोटीनं जिनोआ, तिथून मिलान. मिलानहून एक दिवस कोमोचं तळं. मग डोंगराखालच्या लांबलचक बोगद्यातून लुसर्न. शेवटी बर्न. जायचं चैत्रात. तिकडे तेव्हा झाडं फुलतात आणि इकडे समुद्र शांत असतो, वैशाख सरायच्या आत घरी. लुसर्न मात्र नानांच्या जिवाभावाचं. तिथून एक दिवस तळ्यातली आगबोट. एक दिवस डोंगरावर चढणारी छोटी गाडी. "आपली पाचोरा-जामनेर आहे ना, तिला डोंगर चढायला लावला अशी समज." असं रंगात येऊन सांगता सांगता नाना थबकायचे. बोट नकाशावर थोडं वर सरकायचं.

"आणि एक दिवस ते गाव," म्हणायचे. "लुसर्नहून फार नाही. इथून पाचोरा आहे तितकंच. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. रात्र नाही, अन्न नाही. स्टेशनवर भेटायला शास्त्राची कुठे ना आहे?"

जन्मभर दुसऱ्यांसाठी पळवाटा शोधल्या, आता म्हातारा स्वतःच्याच अंघोळीतून पळवाट काढत होता. जाणं-येणं चालेल, मुक्काम नाही. एवढ्या एका भेदावर त्यांनी सगळी सहल उभी केली होती. मिलान, कोमो, बर्न, ती आगबोट, तो डोंगर, सगळं त्या एका दिवसासाठी होतं. आणि तो दिवस असा की, बाप-लेक फलाटावर उभे राहणार आणि परतीची गाडी आली की बाप डब्यात चढणार.

पण अक्कांना ते कबूल नव्हतं. त्या माजघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

"मुक्काम माधूकडं."

"अहो, पण शास्त्र..."

"आंग तुम्ही धोवलं. मी नही." मग मऊ आवाजात, "मी चार दिवस त्याच्या घरी राहीन. त्याच्या बायकोला भाकरी थापायला शिकवीन. सकाळी उठून त्याला चहा करून देईन. फलाटावर उभं राहून पोराचं तोंड बघायला मी काय पाहुणी आहे?"

नाना नकाशाकडे बघत बसायचे. अक्कांना सोडून एकट्यानं जायला त्यांचं मन घेत नव्हतं, आणि एका दिवसापुरत्या जायला त्या तयार नव्हत्या. लुसर्न की झुरिक, एवढ्यावर घोडं पेंड खायचं. चैत्र यायचा, आपल्याकडे उन्हाच्या झळा सुरू व्हायच्या, तिकीट काढायचं राहून जायचं. अशी किती वर्षं गेली! त्या घरात नवरा-बायकोचं दुसऱ्या कशावरून भांडण झालेलं मी ऐकलं नाही.

माधवची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची, कारण नाना ती घरात घेत नसत. मी ओसरीवर बसून अक्कांना वाचून दाखवायचो. नाना आत कचेरीत. मी जरा आवाज खाली आणला, की आतून खोकला. एकदा तर सरळ म्हणाले, "जरा मोठ्यानं वाच रे, तिला कमी ऐकू येतं." अक्कांचे कान असे तिखट, की परसात चिमणी उतरली तरी त्यांना कळायचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. पुढचं पत्र मी कोर्टात वाचावं तसं वाचलं. माधवनं लिहिलं होतं, की खिडकीखालच्या चेरीला बहर आलाय आणि आईला एकदा तो दाखवायचा आहे.

एका वर्षी नानांनी थंडीसाठी लोकरीचा लांब कोट शिवायला टाकला, तोही ऐन चैत्रात. आमचे रहीमचाचा शिंपी माप घेता घेता कुरकुरले, "नाना, ये कोट पेहनके उधर जाना है, या इधरही मरना है?" कोट आला. नाना तो सवय व्हावी म्हणून रोज संध्याकाळी घालून ओसरीवर बसायला लागले. घामाच्या धारा लागलेल्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी गंभीरपणे बोलणं चालू. "आढीत घातलेल्या केळीच्या घडागत दिसतात," अक्का म्हणाल्या आणि पंख्यानं वारा घालायला शेजारी बसल्या. मी हसलो, पण मला आतून भरून आलं. जाण्याची इतकी ओढ आणि पाऊल काही उचलत नाही, असं माणसाचं होतं तरी कसं?

मग नानांनी पाचोऱ्याची रंगीत तालीम काढली. अक्कांचं वय झालं, एका दिवसात जाणं-येणं झेपेल का, हे बघायचं होतं म्हणे. खरं कारण अक्कांचं मन वळवायचं, हे मला न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो. जळगाव म्हणजे लुसर्न, पाचोरा म्हणजे ते गाव. पाचोऱ्याला अक्कांची भाची दिली होती. तिच्याकडे जेवायचं, गप्पा मारायच्या, संध्याकाळच्या गाडीनं परत. "बघ, काही अवघड नाही, हे तिला पटेल," नाना मला गाडीत कुजबुजले. अक्का खिडकीशी बसून कपाशीची मोकळी रानं बघत होत्या.

भाचीनं भरीत-पुरीचा बेत केला होता. दुपार छान गेली. भाचीची धाकटी पोर अक्कांच्या मांडीवरच झोपून गेली. ऊन कलायला लागलं तसे नाना घड्याळ काढून बसले. "चला," म्हणाले, "गाडीची वेळ झाली." अक्का हलल्या नाहीत.

"मी नही येस आज," त्या म्हणाल्या.

"अहो, तालीम आहे ही!"

"तालीमच करी राहिनू ना मी." त्यांनी मांडीवरच्या पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "आपल्या माणसाच्या घरी गेलं, की अशी झोपलेली पोर खाली ठेवून गाडीसाठी पळता येत नाही. तुम्ही जा. माझा मुक्काम."

नाना काय संतापले! स्टेशनपर्यंत माझ्या चार पावलं पुढे तरातरा चालत गेले. जळगावला उतरून घरी गेले, पण ओसरी सुनी. रात्री जेवलेच नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पहाटेची पहिली गाडी धरून ते एकटेच पुन्हा पाचोऱ्याला गेले. भांडायलाच गेले असावेत. संध्याकाळी दोघंही परत आली, आणि नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "वामन, मी पोचलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. ती अजून झोपलेली होती. त्या पोरीला पोटाशी घेऊन. चाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्याआधी उठली नाही असा दिवस नाही रे. इतकी गाढ झोपलेली मी तिला कधी पाहिलीच नव्हती. मी दारातच उभा राहिलो. उठवलं नाही."

मग घसा खाकरून, वकिलाच्या आवाजात, "लुसर्न रद्द. मुक्काम त्याच गावी. ती त्याच्याकडे राहील. मी खानावळीत राहीन. गाव एक, छपरं दोन. काय?"

मी अक्कांकडे बघितलं. त्या तुळशीला पाणी घालत होत्या आणि डोळे पुसत होत्या. नाना खानावळीत राहणार हे त्यांना आवडलं नव्हतंच, पण पोराच्या घरी चार रात्री मिळत होत्या. येत्या चैत्राची दोन तिकिटं ठरली. अक्कांनी डाळीचं पीठ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी यांची यादी तोंडपाठ केली. माधवचं उलट टपाली उत्तर आलं. आईसाठी खाली बसून स्वयंपाक करता येईल असा ओटा बांधून घेतोय, असं त्यानं लिहिलं होतं. ते मी चारदा वाचून दाखवलं. दोनदा अक्कांसाठी आणि दोनदा आतून खोकला आला म्हणून.

भाद्रपदात युरोपात लढाई पेटली. बोटी बंद. तिकिटांची रक्कम परत आली.

लढाई वर्षभरात संपेल असं सगळे म्हणत होते. ती सरता सरेना. पत्रं उशिरा यायला लागली, मग महिनेच्या महिने येईनाशी झाली. अक्का रोज दुपारी माझ्या घरासमोरून जायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "काही?" मी नाही म्हणून मान हलवायचो. "बरं," म्हणून त्या पुढे जायच्या, जणू मंडईतच निघाल्या होत्या. मंडई उलट्या दिशेला होती. त्या "बरं"ची आठवण आली की माझा अजूनही जीव कासावीस होतो. लढाईच्या चौथ्या वर्षी थंडीत त्या तापानं आजारी पडल्या आणि चार-सहा दिवसांत गेल्या. शेवटी शेवटी वातात त्या नानांना माधू समजून जेवलास का विचारत होत्या. नाना प्रत्येक वेळी "जेवलो, आई" म्हणत होते. मी तिथून उठून बाहेर गेलो.

दहाव्या दिवशी गिरणा नदीच्या वाळूत पिंड ठेवले. मुलगा असून नसल्यासारखा, म्हणून सगळं नानांनीच केलं. बाभळीवर कावळे बसलेले होते, पण एकही खाली उतरेना. भाची पुढे झाली, म्हणाली, "मावशी, मी काकांच्या जेवणाखाण्याचं बघीन." कावळा नाही. मी म्हणालो, "अक्का, मी नानांना एकटं पडू देणार नाही." कावळा नाही. ऊन चढायला लागलं. बाररूममधले तेच हसणारे वकील माना खाली घालून उभे होते. भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले, तेव्हा नानांनी हात वर केला. हात जोडून ते पुढे आले.

"लढाई संपली की मी त्या गावी जाईन," नाना म्हणाले.

कावळे जागचे हलले नाहीत.

"बरं, चार दिवस राहीन. खानावळीत."

एक कावळा फांदी बदलून बसला, पण उतरला नाही. नाना तसेच उभे. कोर्टात समोरचा पक्ष अडून बसला, की ते असेच थोडं थोडं देत जायचे. पण इथे समोर कोण होतं, ते त्यांना माहीत होतं.

"बरं बाई," ते म्हणाले, आणि आवाज फुटला. "माधवकडेच. माधवच्याच घरी. त्याच्याच हातचं जेवीन, तिथेच झोपीन. आता तरी ये."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. वाळूत सावली पडली आणि पिंडाला चोच लागली. भटजींसकट आमच्यातला एकही माणूस कोरड्या डोळ्यांनी घरी गेला नाही. तो कावळा भुकेला होता की आणखी काही, याची चिकित्सा ज्याला करायची त्यानं करावी. मला गरज वाटत नाही.

लढाई संपल्यावर दुसऱ्या वसंतात बोटीत जागा मिळाली. एकच तिकीट. मिलान नाही, बर्न नाही, तळं नाही, डोंगर नाही. सरळ झुरिक. नाना परत आले नाहीत. दोन महिन्यांसाठी गेले होते, मुक्काम वाढवत गेले, तिथेच थकले आणि माधवच्या घरीच वारले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जळगावच्या फलाटावर, मुंबईच्या गाडीत बसवून देताना.

खिडकीशी बसले होते. मी सामान नीट लावून दिलं, पाण्याचा फिरकीचा तांब्या शेजारी ठेवला. गार्डानं शिट्टी दिल्यावर नाना एकदम म्हणाले, "वामन, उतरल्यावर तो समोर येईल. पहिलं काय बोलायचं रे?"

मला हसू आलं आणि रडूही. उभ्या खानदेशात ज्यांच्या तोंडाला तोंड द्यायची कुणाची छाती नव्हती, ते मला विचारत होते.

"काही बोलू नका, नाना," मी म्हणालो. "तो वाढेल ते पोटभर जेवा."

गाडी हलली. नानांनी हात बाहेर काढून माझा हात धरला आणि सोडेनात. मी बरोबर चालायला लागलो, मग भरभर, मग पळत. हमाल ओरडले. नाना वाकून काहीतरी म्हणत होते, ते मला आधी नीट ऐकू आलं नाही.

"हिला न्यायला पाहिजे होतं रे," ते म्हणत होते. "पहिल्याच वर्षी. ती म्हणत होती तिथंच न्यायला पाहिजे होतं."

फलाट संपला, तेव्हा मला हात सोडावा लागला.